व्याधींची नावे आणि नावांच्या व्याधी

गोव्यात १५६३ साली एक पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने लिहिलेला हा ग्रंथ संवादरूप असून त्यात हिंदुस्थानातील वनस्पती, मसाले आणि औषधी द्रव्ये यांची चर्चा आहे. त्यातला सतरावा संवाद कुष्ठ, म्हणजे बाजारात उपलेट म्हणून मिळणाऱ्या औषधी मुळाविषयी आहे. बोलता बोलता तो एका भयंकर आजाराकडे वळतो. उलट्या, जुलाब, पेटके, खोल गेलेले डोळे, बुडत चाललेली नाडी आणि पाहता पाहता मृत्यू. ओर्ता सांगतो, की आम्ही वैद्य याला ‘कॉलेरिका पासियो’ म्हणतो, इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो.

हा ‘मोर्शी’ म्हणजे आपला मराठी-कोकणी ‘मोडशी’. पुढे फ्रेंचांच्या कानी तो ‘मोर द शियाँ’ असा पडला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण. आजाराचे रूप इतके भीषण होते की हा अर्थ कुणालाच खटकला नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाची भ्रमंती नोंदलेली आहे. मूळ मराठी शब्दात कुत्राही नाही आणि मरणही नाही. त्यात आहे ‘मोडणे’ हे साधे क्रियापद. शरीर आतून मोडून पडते, एवढेच त्या नावाने सांगितले. आज प्रमाण मराठीत मोडशी म्हणजे अपचन, पोटदुखी. मूळच्या जीवघेण्या आजाराला आपण पटकी म्हणतो. शब्दाचा जोर ओसरला, पण त्यात सांगितलेला अनुभव ओळखता येतो.

या एका शब्दामुळे मी मराठीतील व्याधींची आणि शारीरिक वैगुण्यांची नावे जरा बारकाईने पाहू लागलो. त्यांची नुसती यादी करणे हा या लेखाचा हेतू नाही. नाव ठेवताना आपण नेमके काय करतो, हे मला तपासायचे आहे. काही नावे रोग्याला काय होते ते सांगतात. काही नावे ते का होते ते सांगतात. आणि काही नावे, उघड किंवा आडून, दोष कुणाचा ते सांगतात. या तीन प्रकारच्या नावांचे इतिहास फार वेगळे आहेत.

जाणवते ते नाव

‘कॉलरा’ हा शब्द पित्तवाचक ग्रीक शब्दावरून आला. पित्त खवळल्याने हा आजार होतो या समजुतीवर ते नाव उभे आहे. रॉबर्ट कॉख याने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे पटकीचा जंतू दाखवून दिल्यावर पित्ताचा संबंध संपला; नाव मात्र राहिले. ‘मलेरिया’चेही तेच. इटालियन भाषेत त्याचा अर्थ दूषित हवा. दलदलीवरून येणाऱ्या हवेने ताप येतो असे मानत, म्हणून ते नाव. लाव्हराँ याला १८८० मध्ये रोग्याच्या रक्तात या तापाचे परजीवी दिसले आणि रोनाल्ड रॉस याला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ते डासाच्या पोटात सापडले. दूषित हवा निर्दोष ठरली.

मराठीत याच आजाराला हिवताप म्हणतात. हीव म्हणजे थंडी. आधी हुडहुडी भरते, मग ताप चढतो. ताप हवेने येतो की डासाने, याविषयी हे नाव काहीच बोलत नाही, त्यामुळे रॉसच्या शोधानंतर ते बदलण्याची गरज पडली नाही. सरकारी कारभारातही ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ हे पद आहे. शासकीय परिभाषेवर आपण एरवी पुष्कळ टीका करतो; इथे तिने लोकांचा शब्द जसाच्या तसा उचलला आणि तो टिकला.

मोतीबिंदू हे असेच एक नाव. बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो, म्हणून मोतीबिंदू. युरोपीय भाषांतील ‘कॅटरॅक्ट’ म्हणजे मात्र धबधबा. डोक्यातून पाणी खाली उतरून डोळ्यात साचते असे अरबी वैद्यक मानत असे. त्या ‘पाणी उतरण्या’चा लॅटिनमध्ये धबधबा झाला. साचते ते पाणी नसून डोळ्यातले भिंगच गढूळ होते, हे अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिसो या फ्रेंच वैद्याने दाखवले. संस्कृत ग्रंथकारांनी दृष्टी मंदावण्याच्या पायऱ्यांना तिमिर, काच आणि लिंगनाश अशी नावे दिली होती. त्यातली ‘काच’ आज काचबिंदूत भेटते, पण आता ती वेगळ्याच विकाराचे नाव झाली आहे.

डांग्या खोकला, हत्तीरोग, रातांधळेपणा, अर्धशिशी ही नावे याच जातीची. धनुर्वातात दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. रोग्याचे शरीर धनुष्यासारखे वाकते हे निरीक्षण, आणि हे वाताने होते हा सिद्धान्त. सिद्धान्त मागे पडला, धनुष्य मात्र अजूनही डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच आजारात जबडा मिटतो त्याला आपण दातखीळ म्हणतो. दाराला खीळ घालावी तशी दातांना बसते. आता भीतीने किंवा संकोचाने ज्याची वाचा बसते त्याचीही दातखीळ बसते.

तोंडाचा हिशेब

दात हा शरीराचा लहानसा भाग, पण नावांच्या दृष्टीने फार श्रीमंत. पुढचे ते पटाशीचे, कारण सुताराच्या पटाशीसारखी त्यांना सपाट धार असते. त्यांच्या बाजूचे सुळे, मागच्या दाढा, आधीचे दुधाचे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली आहे: ओठांचे आठ, दंतमुळांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, घशाचे सतरा आणि सर्व मुखाला व्यापणारे तीन. या वर्गीकरणातली शिस्त लक्षात घेण्याजोगी आहे. दाताचा आजार वेगळा आणि हिरडीचा वेगळा हे त्यात स्पष्ट आहे. हिरड्या मऊ पडून आपोआप रक्त येते तो शीताद. हिरड्यांची आग होऊन त्या पिकतात आणि दात हलू लागतात तो उपकुश. जादा उगवलेला दात काढून टाकावा आणि ती जागा डागावी, असेही सुश्रुत सांगतो.

दातांच्या आठ विकारांत एक आहे दंतहर्ष. गार, आंबट किंवा नुसता स्पर्शही दातांना सोसत नाही ती अवस्था. इथला हर्ष आनंदाचा नाही. रोमहर्षात अंगावर काटा उभा राहतो तोच हा हर्ष; दातांवर जणू शहारा येतो. मराठीने हा संस्कृत शब्द घेतला नाही. कैरी खाल्ल्यावर आपले दात ‘आंबतात’. आंबट खाल्ल्याने दातच आंबट झाले, असे म्हणणाऱ्या भाषेला शहाऱ्याची उपमा लागली नाही.

त्याच यादीतला कृमिदंतक मात्र मराठीत ‘कीड’ होऊन उतरला. दात किड्यामुळे पोखरला जातो ही समजूत फार जुनी आणि दूरवर पसरलेली. मेसोपोटेमियातील मातीच्या फलकांवर दातातल्या किड्याविरुद्धचा मंत्र सापडला आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी दुखऱ्या दाताला देत. उष्णतेने त्या बिया फुटून आतले पांढरे अंकुर बाहेर येत आणि तेच किडे म्हणून रोग्याला दाखवले जात. आपल्याकडेही भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याची चाल होती. दातातली कीड काढून दाखवणाऱ्यांचा धंदा या एका नावावर चालला. नाव किड्याचे, तेव्हा किडा दाखवला की रोगी समाधानाने पैसे देई. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहूनही असा किडा न दिसल्याचे नोंदवले. डब्ल्यू. डी. मिलर याने १८९० साली तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते असे मांडले. म्हणजे किडा खोटा ठरला आणि डोळ्यांना न दिसणारा जंतू खरा ठरला. मराठीने या काळात आपला शब्द हळूच सैल केला. आज ‘दात किडला’ म्हणताना कुणी अळीची कल्पना करीत नाही. फळ किडते, लाकूड किडते तसा दात किडतो. कारण सांगणारे नाव वापरून वापरून दिसणे सांगणारे झाले.

अक्कलदाढेचा प्रवास सर्वांत लांबचा. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या दाढेचे नाते शहाणपणाशी जोडलेले होते. अरबीत ती ‘अक्ल’ची दाढ झाली. अरबी-फारसी ‘अक्ल’ आणि संस्कृत ‘दंष्ट्रा’पासून आलेली ‘दाढ’ यांची गाठ मराठीत पडली. ही दाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात येते, म्हणजे शहाणपण येण्याच्या वयात. शहाणपणाशी तिचा याहून अधिक संबंध नाही. जबड्यात जागा नसल्याने ती आडवी रुतते आणि सुजेने तोंड उघडेनासे होते, हा अनुभव मात्र नावात कुठेच नाही. या नावाने कुणाचे नुकसान केले नाही, हेही खरे.

देवीचे येणे

कारण सांगणाऱ्या नावांत ‘देवी’ हे सर्वांत वजनदार. मसूरिका हे तिचे ग्रंथातले नाव. घराघरांत मात्र ‘देवी आल्या’ असे आदरार्थी बहुवचनात म्हणत. उत्तरेत आणि आपल्याकडेही तिचे दुसरे रूप शितळा. अंगाची लाही करणाऱ्या आजाराच्या देवतेला शीतल म्हणायचे, ही विनवणीच होय. मुंबईत माहीमला शितळादेवीचे देऊळ आहे.

या नावात रोग्याला दोष नव्हता, उलट त्याचा मान होता. परंतु घरी आलेल्या पाहुणीला हाकलायचे कसे, हा पेच त्यातूनच निर्माण झाला. युरोपात जेन्नरने शोधलेली लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात यशस्वी झालेले हे पहिले लसीकरण. मराठी माणसाने या परक्या क्रियेला जे नाव दिले ते फार अर्थपूर्ण आहे: देवी काढणे. देवीला विरोध केला असे त्यात कुठेच नाही. येणाऱ्या देवी आपणच आधी, थोड्याशा, दंडावर काढून घ्यायच्या. नव्या विद्येला जुन्या नावाने घरात घेतले. विरोध झाला, पळापळही झाली. पण शब्दाने वाट बरीच सोपी केली असावी, असे मला वाटते.

‘लस’ हा शब्द तर त्याहून जमिनीवरचा. फोडातून, जखमेतून झिरपणारे चिकट पाणी म्हणजे लस. एका दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्या दंडावर टोचत, म्हणून त्या द्रव्याचेच ते नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा केली. देवी गेल्या, लस राहिली. करोनाच्या काळात घरोघरी विचारला गेलेला ‘लस घेतली का?’ हा प्रश्न या जुन्याच शब्दात होता.

याउलट, मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा विद्वानांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे शास्त्रशुद्ध नाव दिले. लोकांनी ते उचलले नाही. गाठीचा ताप हे कळत होते; प्लेग हे तोंडात बसले. ग्रंथिक सन्निपात जुन्या छापील पानांत राहिला.

आईवर ठेवलेला ठपका

ओठ दुभंगलेले मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ग्रहण पाळले नव्हते का? गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, कापले, तर मुलाचा ओठ चिरला जातो, ही समजूत सर्वांच्या ओळखीची आहे. युरोपात याच वैगुण्याला सशाचा ओठ म्हणत, आणि आईने गरोदरपणी ससा पाहिल्यामुळे ते होते असे मानत. ग्रहण असो वा ससा, दोन्हीकडे आरोपी एकच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात या स्थितीला ‘खंडौष्ठ’ असे म्हटले आहे: वाताने ओठ दोन भागांत फुटतो. सिद्धान्त जुना असला तरी या नावात आईचे नावनिशाण नाही.

गर्भाच्या चेहऱ्याचे दोन्हीकडचे भाग सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून वरचा ओठ तयार होतो. ते जुळले नाहीत तर फट राहते. त्या वेळी अनेक बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतेच कळलेले असते. त्यानंतरच्या सात महिन्यांत आकाशात कितीही ग्रहणे झाली आणि घरात कितीही भाज्या चिरल्या, तरी त्या ओठाला फरक पडत नाही. इंग्रजीतून सशाचे नाव आता वैद्यकाने हद्दपार केले आहे. मराठीत ‘दुभंगलेला ओठ’ आणि ‘दुभंगलेली टाळू’ हे शब्द रुळत आहेत. ते साधे आणि अचूक आहेत; त्यांत फट आहे, अपराध नाही. पण ग्रहणाचा प्रश्न अजून विचारला जातो, आणि शस्त्रक्रियेने ओठ जुळल्यावरही आईच्या मनातला सल तसाच राहतो.

कुष्ठ, कोड आणि महारोग

चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या यादीत आजच्या खरजेपासून गजकर्णापर्यंत पुष्कळ काही सामावते. म्हणजे कुष्ठ ही त्वचाविकारांची एक मोठी टोपली होती. पांढऱ्या डागांचे श्वित्र या अठरांत नाही, पण त्याचे विवेचन त्याच अध्यायाच्या अखेरीस येते. कारणांमध्ये आहारविहाराबरोबर पापकर्मेही सांगितली आहेत. गंमत अशी, की कुष्ठ हेच नाव ओर्ताने चर्चिलेल्या त्या उपलेटाचे. रोग आणि वनौषधी या दोघांचा शब्द एक.

प्राकृतातून ‘कुष्ठ’चा ‘कोढ’ झाला. हिंदीत कोढ म्हणजे महारोग. मराठीत मात्र ‘कोड’ म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, ज्यांत संसर्ग नाही, बधिरपणा नाही, बोटे झडणे नाही. दोन वेगळ्या अवस्था एकाच शब्दाच्या पोटी जन्मल्या आणि त्यांतल्या निरुपद्रवी अवस्थेला दुसरीचा कलंक फुकट मिळाला. ‘पांढरे कोड’, ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दांनी किती मुलींची लग्ने अडवली असतील याचा हिशेब कोणत्याही कोशात मिळणार नाही. खऱ्या कुष्ठाला मराठीत आणखी एक नाव होते, रक्तपिती. आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा विकार. तेही नाव वाट चुकून इथे आले. आणि सर्वांवर महारोग. या नावात लक्षण नाही, कारण नाही. फक्त भीती आहे. इतका मोठा रोग, की त्याला वेगळे नाव नको.

आर्माउअर हान्सेन याला १८७३ साली नॉर्वेत या रोगाचा जंतू सापडला. पाप निघून गेले, जंतू आला. पण वागणूक बदलली नाही. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून बंदिस्त ठेवता येई. सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, खाद्यपदार्थ विकण्यासाठी बनवणे, भाड्याच्या गाडीत बसणे यांवर बंदी घालता येई. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून २०१९ साली वगळले गेले.

या इतिहासातली एक व्यक्ती मराठी साहित्याच्या वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे जमवून १८९१ साली छापणारे हॅरी ॲक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनीच १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले. ते पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या इंग्रजी नावात आरंभी ‘लेपर’ होता, म्हणजे माणूस; पुढे ‘लेप्रसी’ आली, म्हणजे रोग. वडाळ्याच्या त्या रुग्णालयाच्या पाटीवर झालेला हा बदल दोन-तीन अक्षरांचा आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती’. तो त्या काळाचा शब्द होता. पण तिच्या वसाहतीला त्यांनी ‘आनंदवन’ म्हटले आणि लोकांच्या ओठी तेच राहिले.

विशेषणात अडकलेला माणूस

आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, लुळा, थोटा, तोतरा, चकणा, कुबडा, खुजा. मराठीत शारीरिक वैगुण्यासाठी विशेषणे भरपूर आहेत आणि त्यांतले प्रत्येक विशेषण नामासारखे चालते. ‘आंधळा आला’ म्हटले की वाक्य पुरे होते. माणूस हा शब्द लागतच नाही. एकनाथांनी आंधळा, पांगळा, मुका, बहिरा अशी भारुडे रचली तेव्हा त्यांनी हीच विशेषणे अध्यात्माच्या कामाला लावली. तिथे आंधळा कोण, हे ऐकणाऱ्याने आपल्याकडे पाहून ठरवायचे असते. व्यवहारात ती मुभा नसते.

शास्त्राने निवडलेले शब्दही निर्दोष नाहीत. वैद्यकात प्रकृतीच्या विरुद्ध विकृती. केवळ बदललेली अवस्था, एवढाच तिचा अर्थ. शासनाच्या भाषा संचालनालयाने विकृतिशास्त्राचा परिभाषा कोश केला तो या अर्थाने. पण वर्तमानपत्राच्या मराठीत ‘विकृत’ हा नीतीचा शब्द झाला आहे. किळसवाणा गुन्हा करणारा तो विकृत. आता डॉक्टरांनी आईबापांना ‘बाळात जन्मजात विकृती आहे’ असे सांगितले तर त्यांच्या कानी काय पडत असेल? ‘व्यंग’ या शब्दाचीही हीच कथा. सुश्रुताच्या क्षुद्ररोगांत व्यंग म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग. मराठीतले ‘वांग’ ते हेच. दुसऱ्या अर्थाने व्यंग म्हणजे अवयवातली उणीव. एकीकडे तो शब्द घरगुती उटण्याच्या कक्षेत राहिला, दुसरीकडे स्थळ नाकारण्याचे कारण बनला.

१९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात अवस्था होत्या, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. मतिमंद हा शब्द मागे पडून बौद्धिक अक्षमता आली. अपंगच्या जागी दिव्यांग आले. हा बदल सद्भावनेचा आहे, पण मला त्यात एक अडचण दिसते. दिव्यांग या शब्दात अनुभव नाही. ज्याला जिना चढता येत नाही त्याच्या अंगाला दिव्य म्हणून जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहीत. शिवाय नव्या शब्दाला जुना अर्थ चिकटायला वेळ लागत नाही; ‘अपंग’ हा शब्दही एकेकाळी लंगड्या-पांगळ्यापेक्षा सभ्य म्हणूनच वापरात आला. शब्द बदलावेत, यात शंका नाही. पण बदलताना हिवतापाचा आणि मोडशीचा धडा घ्यावा. ज्याला त्रास होतो त्याला काय होते, हे सांगणारे नाव दोन-चार शतके सहज टिकते आणि कुणाला जखम करीत नाही. का होते, हे सांगणारे नाव पुढच्या शोधापर्यंत टिकते. कुणामुळे होते, हे सांगणारे नाव मात्र शोध लागल्यावरही जात नाही.

मराठीत दुखण्यासाठी ठणकणे, ठसठसणे, खुपणे, चमकणे, भणभणणे, शिवशिवणे, कळ येणे, पेटका येणे असे कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. दाढ ठणकते, गळू ठसठसते, डोके भणभणते, पाठीत चमक भरते. यांतला कुठलाही शब्द रोग्याला दोष देत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी आणि रोग्याशी बोलणाऱ्यांनी संस्कृत कोश उघडण्याआधी हे भांडार उघडले, तर ओठ दुभंगलेल्या बाळाच्या आईला निदान दवाखान्यात तरी ग्रहणाबद्दल कुणी विचारणार नाही.